वाचक विचारतात: आधी तिथी बघा, मग फ्लेमिंगो

प्रश्न: रविवारी सकाळी मुलांना घेऊन शिवडीला गेलो. फ्लेमिंगो म्हणजे लांबवर एक गुलाबी रेघ, बाकी नुसता चिखल. नेमकं कधी जायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुम्ही वार बघून गेलात, बघायची होती भरती. ओहोटीला शिवडीचा चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत सरकतात. भरती चढू लागली की तेच पाणी त्यांना काठाकडे आणतं. पण भरती पूर्ण झाली की चिखलच बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही. मग थवे उठतात आणि खाडीपलीकडे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा तितकंच नंतर पोहोचावं.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब तोंडी होतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते.

आता उजेड. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्षी नुसते काळे दिसतात. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो. दोन्ही साधायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचा दिवस निवडा. भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान भरते, आणि तीन-चारच्या सुमारास काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो. उठून गेलेले थवे तिथेच परत उतरतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही. पक्षीही तितके जवळ येत नाहीत.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. दुर्बीण ८×४२ ची पुरते. चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि अख्खा थवा उठतो. ओळखायचं चोचीवरून: गुलाबी चोच आणि फक्त टोक काळं, तो मोठा फ्लेमिंगो, जवळपास सगळी चोच गडद किरमिजी, तो छोटा. मधूनच राखाडी, मळकट दिसणारे आजारी नसतात, ती पिल्लं आहेत.

ऐरोलीहून ठाणे खाडी अभयारण्यात होडीने जायचं असेल तर गणित वेगळं. अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ पासून रामसर स्थळही आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. होडीला खाली पाणी लागतं, त्यामुळे फेऱ्या भरतीवर ठरतात. आधी नोंदणी करून मिळेल ती वेळ घ्यावी.

प्रश्न: आमच्या सोसायटीमागची तिवरं पावसाळा संपता संपता एकदम तपकिरी झाली. कुणी विष तर टाकलं नसेल?
– एक वाचक, गोराई

उत्तर: शंका रास्त आहे, पण आधी एक पान हातात घ्या. शिरांची जाळी तेवढी उरली असेल आणि फांदी हलवल्यावर काळपट अळ्या धाग्याने लोंबकळत असतील, तर ते अळीचं काम. सागाची पानं फस्त करणारी हीच अळी तिवरावरही येते. झाड मरत नाही, काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. फवारणी करू नका. विष थेट खाडीत उतरेल आणि अळ्या टिपणारे पक्षीही जातील.

पानं अख्खी आहेत पण पिवळी पडून फांदीवरच वाळलीत, असं असेल तर खाली बघा. चिखलातून वर आलेली बोटाएवढी श्वासमुळं डेब्रिजखाली गाडली गेलीत का? भरतीचं पाणी आणणारा नाला कुणी बुजवलाय का? नखाने डहाळी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे आणि पाण्याची वाट मोकळी झाली तर वाचू शकतं. तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही भराव टाकता येत नाही, हे तक्रारीत लिहा.

प्रश्न: जुहूला पावसाळ्यात निळे फुगे वाहून येतात, ते डसले तर काय करावं?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर: ते ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे डसऱ्या तंतूंचे समुद्री जीव. फुग्याला वारा लागतो आणि नैऋत्येकडून जोराचं वारं सुटलं की झुंडीच्या झुंडी काठाला लागतात. डसल्यावर वाळू चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवा. पाणी आधी न डसलेल्या हातावर तपासा. व्हिनेगर नको, ते दुसऱ्या जातीच्या जेलीफिशसाठी असतं. लघवीचा उपाय तर सोडूनच द्या. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट रुग्णालय गाठा. वाळूवर पडलेला मेलेला फुगाही डसतो, त्यामुळे मुलांना तो अनवाणी पायाने फोडू देऊ नका.