येताना ‘तंगडं मोडीन’ तिथेच ठेवून या

तुमचा मेसेज दोनदा वाचला. नवऱ्याला ओस्लोची ऑफर आहे, मुलगी सहाची, मुलगा तीनचा, नाशिकहून उन्हाळ्यात निघायचं चाललंय. आणि सासूबाईंनी राणी मुखर्जीचा तो ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ सिनेमा पाहिल्यापासून घरात एकच धोशा: ‘हाताने भरवलं म्हणून पोरं काढून नेतात तिथे.’ यात खरं किती, आणि ‘मुलं द्वाड आहेत, कधीतरी हात उठतो’, तर यावं की नाही, असं तुम्ही विचारलंत.

यावं. पण आधी त्या ‘कधीतरी हात उठतो’चं बोलू. भरवण्याची भीती मला फोल वाटते. मी अकरा वर्षं नॉर्वेत आहे. पोरगा सात वर्षांचा होईपर्यंत त्याला वरणभात कालवून हातानेच भरवलाय, तो आमच्या दोघांच्या मध्ये झोपलाय, आणि आरोग्यकेंद्रातल्या नर्सला हे सगळं माहीत होतं. दात घासतो का, एवढंच तिने विचारलं.

हात उठणं मात्र इथे बेकायदा आहे, आणि तेही आजकालचं नाही. आईबापांचा मारायचा हक्क १९७२ मध्येच कायद्यातून काढला आणि १९८७ पासून सरळ बंदी घातली. शेजारच्या स्वीडनने तर जगात सगळ्यांत आधी, १९७९ मध्ये, हे केलं होतं. २००५ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात हलक्या चापटीपुरती फट राहून गेली होती, ती २०१० मध्ये कायदा बदलून बुजवली. तेव्हा ‘धपाटा म्हणजे काय मार झाला का?’ या प्रश्नाचं इथलं उत्तर ‘हो, झाला’ असं आहे. मुलाला घाबरवून सोडणंसुद्धा त्यातच धरतात. आपल्याकडे शाळेत मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, घरात नाही. आपण त्या सवयीनिशी विमानात बसतो.

आमचं काय झालं ते सांगते. आम्हाला येऊन वर्ष झालं होतं, पोरगा पाच वर्षांचा. बार्नेहागेत, म्हणजे इथल्या बालवाडीत, वाळूच्या खड्ड्यात दुसऱ्या मुलाने त्याचं फावडं ओढलं. तर हा आपल्या नव्याकोऱ्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाला, ‘मी तुझा पाय मोडीन.’ बाईंनी विचारलं, असं कुठे ऐकलंस? ‘आई म्हणते.’ कधी म्हणते? ‘बूट घालताना.’

आणि मी म्हणायचेच. बर्फाचे बूट, त्यावर पँट ओढायची, हातमोजे आतल्या दोरीला, हा सगळा सरंजाम होईपर्यंत बस चुकायची आणि तोंडातून निघायचं, ‘आता उठलास तर तंगडं मोडून ठेवीन.’ माझी आई हेच म्हणायची. तिने कधी कुणाचं तंगडं मोडलं नाही. धपाटे मात्र मोजलेले नाहीत.

संध्याकाळी त्याला आणायला गेले तेव्हा बाईंनी बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की आम्हाला हे कळवावं लागेल. शिक्षक, डॉक्टर, नर्स यांना काळजी करण्यासारखं काही गंभीर दिसलं तर कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, गोपनीयतेचा नियम त्याच्या आड येत नाही. या कळवण्याला इथे ‘काळजीचा निरोप’ म्हणतात. माझ्या हातात त्याचा ओला लाल रेनसूट होता. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, तो मी पिळत बसले होते.

निरोप गेला की बार्नेवॅर्नला, म्हणजे नगरपालिकेच्या बालकल्याण खात्याला, आठवड्याच्या आत ठरवावं लागतं की पुढे बघायचं की बंद करायचं. बघायचं ठरलं तर साधारण तीन महिन्यांत चौकशी संपवायची. आम्हाला बोलावणं आलं. दोन बायका, एक माझ्याएवढी, एक निवृत्तीला आलेली. कॉफीचा थर्मास. मराठी दुभाषा मागितला होता, मिळाला फोनवरून हिंदी. मी हिंदीत सांगितलं, ‘टांग तोड़ दूँगी बोलती हूँ, बस.’ तो गृहस्थ बहुधा हे ऐकतच वाढला असणार, क्षणभर थबकला. पण दुभाष्याने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं. त्याने शब्दाला शब्द ठेवून दिला: मी त्याचा पाय मोडीन असं त्याला सांगते. दोघींची पेनं थांबली.

तिथे मला पहिल्यांदा आपली भाषा बाहेरून ऐकू आली. कानफटात देईन, चामडी सोलीन, जीव घेईन, गाल सुजवीन. आपल्या कानाला हे लाडात आणि वैतागात सारखंच चालतं. दुसऱ्या भाषेत नेलं की निव्वळ धमकी उरते. आणि खरं सांगू, पाच वर्षांच्या मुलालाही त्यातलं ‘हे नुसतं म्हणायचं असतं’ कळतच असेल याची मला आज खात्री नाही.

मग प्रश्न आला, तुम्ही त्याला मारलंय का? नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला. मी ‘हो’ म्हणाले. पाठीत धपाटा, दोनदा, वर्षभरात. नवरा रात्रभर बोलला नाही माझ्याशी. पण पुढे जे झालं ते असं: एकदा घरी येऊन गेल्या, पोराशी एकट्याने बोलल्या, आणि आईबापांसाठीच्या मार्गदर्शन वर्गाला जायला सुचवलं. आठवड्यातून एक संध्याकाळ. तिथे एक पोलिश बाप, एक एरिट्रियन आई, एक नॉर्वेजियन जोडपंही. पोलिश बाप म्हणाला, त्याच्या घरी पट्टा दाराच्या खिळ्याला टांगलेला असायचा, वापरायची गरजच पडायची नाही. एरिट्रियन बाई जोरात हसली, तिच्याकडे तो खिळा आजोबांच्या खोलीत होता. दहा आठवड्यांनी पत्र आलं की प्रकरण बंद.

सगळ्यांचं इतकं सोपं जात नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ओस्लोच्या न्यायालयाने आपल्या आंध्रकडच्या एका जोडप्याला, सात वर्षांच्या मुलाला छळल्याबद्दल, बापाला १८ आणि आईला १५ महिने तुरुंगात पाठवलं. आयटीतली माणसं, आपल्यासारखीच. म्हणजे बार्नेवॅर्न एक आणि पोलीस दुसरे, हे दोन रस्ते वेगळे आहेत. जखम, चटका, पट्टा असं काही असलं की दुसरा रस्ता उघडतो. तेव्हा मुलाला पोलीस ठाण्यात नेत नाहीत, ‘बार्नेहूस’ नावाच्या खास घरात नेतात. पहिलं २००७ मध्ये बेर्गेनला निघालं. तिथे प्रशिक्षित अधिकारी मुलाशी बोलतो आणि बाकीचे शेजारच्या खोलीतून बघतात.

आता सिनेमाचं. मूळ प्रकरण स्टावांगरचं, २०११ सालचं, बंगाली कुटुंब, तीन वर्षांचा मुलगा आणि तान्ही मुलगी. हाताने भरवणं आणि एका पलंगावर झोपवणं एवढंच कारण, असं आपल्या वाहिन्यांनी महिनोन्‌महिने सांगितलं. सिनेमा आला तेव्हा, २०२३ मध्ये, नॉर्वेच्या दिल्लीतल्या राजदूतांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की या कारणांसाठी मुलं काढून घेतली जात नाहीत. आणि बार्नेवॅर्नला गुप्ततेमुळे आपली बाजू जाहीर मांडताच येत नाही. त्यामुळे आपल्याला गोष्ट कायम एकाच बाजूची ऐकू येते. याचा अर्थ आईबाप खोटे असा मी म्हणत नाही. अर्धी फाईल वाचून मत बनवू नये, इतकंच.

त्या वेळी संसदेत आवाज उठला, परराष्ट्रमंत्री बोलले, दूतावास उतरला. एप्रिल २०१२ मध्ये मुलं काकाच्या ताब्यात भारतात आली. लोकांना वाटलं जिंकलो. पण आईला तिची मुलं मिळायला जानेवारी २०१३ उजाडला, आणि तो आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाचा होता. उलट बर्लिनमधल्या गुजराती बाळाचं घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये सात महिन्यांची असताना ती तिथल्या बालकल्याण खात्याने नेली. २०२३ च्या जूनमध्ये आपल्या १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने ताबा खात्याकडेच ठेवला. गोंगाटाने सरकारं हलतात, न्यायाधीश हलतीलच असं नाही. म्हणून कुणाला पत्र आलं की ‘आधी चॅनेलला फोन कर’ म्हणणारे नातेवाईक असतात ना, त्यांना चहा पाजा आणि वकील शोधा.

इथला संताप दुसऱ्या टोकाचाही असतो, हे आपल्याकडे फारसं पोचत नाही. २००५ मध्ये वेस्टफोल भागात आठ वर्षांचा एक मुलगा मेला. सावत्र बाप मारत असे. शाळेने खुणा पाहिल्या होत्या, डॉक्टरांनी पाहिल्या होत्या, आणि पोलिसांनी प्रकरण आधी बंदही केलं होतं. पुढे बापाला शिक्षा झाली, गप्प राहिलेल्या आईलाही. देश चिडला तो ‘मुलाला वेळेवर का नेलं नाही’ म्हणून. माझ्या पोराच्या बाईंनी फावड्याच्या भांडणातून फोन उचलला, त्यामागे तो मुलगा आहे. हे कळल्यावर माझा त्यांच्यावरचा राग थोडा उतरला. सगळा नाही.

कारण खातं चुकतंही, आणि चुकलं की भयंकर चुकतं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडच्या नाउस्ट्डाल गावातल्या रोमानियन-नॉर्वेजियन कुटुंबाची पाच मुलं नेली, सगळ्यांत धाकटं तान्हं. एप्रिल २०१६ मध्ये कितीतरी देशांत मोर्चे निघाले, आणि जूनमध्ये मुलं परत मिळाली. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तर नॉर्वेला पुन्हा पुन्हा दोषी धरलंय. १० सप्टेंबर २०१९ चा मोठा निकाल बाळ पालकांपासून तोडून दत्तक दिल्याबद्दलचा, आणि डिसेंबर २०२१ चा एका सोमाली मुस्लिम आईचा, जिचं मूल ख्रिस्ती घराला दत्तक गेलं होतं. एकदा मूल नेलं की आईबापांना वर्षातून मोजक्याच भेटी द्यायच्या आणि मग ‘नातं उरलंच नाही’ म्हणायचं, हा खरा घोळ होता. १ जानेवारी २०२३ पासून नवा कायदा आलाय. त्यात मुलाची भाषा, धर्म, संस्कृती ध्यानात घ्यायला सांगितलंय. मोर्च्यांनी जे झालं नाही ते बरंचसं या खटल्यांनी केलं, असं माझं मत.

आता तुमच्यापुरतं. हात उठतो तो नाशिकमध्येच थांबवायला लागा, विमानतळावर थांबत नाही तो. नवऱ्यालाही सांगा. आणि सासूबाई तीन महिने राहायला येतील तेव्हा त्यांनाही, हे जास्त अवघड आहे. ‘आम्ही काय मेलो का मार खाऊन’ हे वाक्य तयार असतं. माझ्या सासूबाईंना मी कायदा नाही सांगितला. नातू शाळेत जाऊन सगळं सांगतो, एवढंच सांगितलं. ते पुरलं.

मुलांना ‘घरातलं बाहेर बोलायचं नाही’ असं पढवू नका. इथे मुलाने असं वाक्य उच्चारलं की तीच सर्वांत मोठी घंटा.

पत्र आलंच तर जा, दोघंही जा. दुभाषा मराठीच मागा, आणि हिंदी आला तर नोंद करायला लावा. तुमच्याबद्दल काय लिहिलं ते लेखी मागा, तो हक्क आहे. मदतीचा वर्ग सुचवला तर अपमान समजू नका, बहुतेक प्रकरणांत घरातच मदत देऊन विषय संपतो. मूल तातडीने हलवलं तर शक्यतो ४८ तासांत तो निर्णय स्वतंत्र मंडळापुढे तपासला जातो, आणि मंडळापुढे वकील सरकारी खर्चाने मिळतो. तिथे पहिल्या तासापासून वकिलाशिवाय बोलू नका.

बाकी इथे लोक कशाला घाबरत नाहीत तेही बघून हसाल. बार्नेहागेतली बाळं शून्याखाली बाबागाडीत उघड्यावर झोपतात. पहिलीतली पोरं एकटी चालत शाळेत जातात. माझी आई आली होती तेव्हा ती झोपलेली बाळं बघून म्हणाली, ‘यांना कुणी पकडत नाही का?’

मुलगी या वर्षी सहाची झाली म्हणजे ऑगस्टमध्ये थेट शाळेत. धाकट्याच्या बार्नेहागेचा अर्ज १ मार्चच्या आत गेलेला बरा, नाहीतर ऑगस्टची जागा जाते आणि मिळेल ती घ्यावी लागते. रेनसूट तिकडून आणू नका, आपल्याकडचे इथल्या पावसात टिकत नाहीत. इथेच दोन साइज मोठा घ्या, आत लोकरीचे कपडे मावले पाहिजेत.