नातीचे नाव पाळण्यात कसे घ्यावे?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. जावई इंग्रज आहेत. बारा दिवसांपूर्वी त्यांना मुलगी झाली आणि तिचे नाव ठरले ते मोबाइलवर कळवले : आय, एस, एल, ए. मी ते ‘इस्ला’ असे वाचले. मुलगी म्हणाली, यातला एस मुका आहे, नाव ‘आयला’. आमच्या पेठेत हा शब्द कशासाठी तोंडात येतो, हे आपणांस सांगायला नको. दिवाळीत ते आल्यावर बारसे करायचे आहे. चार बायकांत पाळण्याला हात लावून मी हे नाव कसे घेऊ? तिकडे अशी स्पेलिंगे का ठेवतात?
— एक आजी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि ती मुलीला मोकळेपणाने सांगावी, नऊ वर्षे तिकडे राहिल्यावर तिच्या कानाला तो शब्द खटकेनासा झाला असेल. मात्र हे नाव विचित्र म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. स्कॉटलंडमध्ये या नावाची नदी आहे, पश्चिम किनाऱ्याजवळ जवळजवळ याच उच्चाराचे बेटही आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी आकडेवारीत २०२३ साली मुलींच्या नावांत ऑलिव्हिया आणि अमिलिया यांच्या पाठोपाठ ते तिसरे होते. लाज वाटते म्हणून ‘इस्ला’ अशी हाक मारण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण त्या हाकेला बाळ वळून पाहणार नाही.

देवनागरीत जसे लिहितो तसे आपण वाचतो. इंग्रजीत तो भरवसा नाही. लेस्टरचेच स्पेलिंग पाहा, मधली काही अक्षरे उच्चारात येतच नाहीत. त्यामुळे तिथल्या आईबापांना एकाच उच्चाराची दोन-तीन रूपे मिळतात : सोफिया ‘पीएच’ने किंवा ‘एफ’ने, लिली एका ‘एल’ने किंवा दोन. सरकारी यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळे नाव म्हणून मोजते. २०२३ मध्ये मुलग्यांत ‘मुहम्मद’ ४,६६१ बाळांसह पहिले आले, ते केवळ एका स्पेलिंगचे, आणि त्याची इतर रूपे खाली स्वतंत्र राहिली. घराण्यातून किंवा दुसऱ्या भाषेतून आलेला असा फरक मी आनंदाने स्वीकारतो. मात्र जॅक्सन ‘एक्स’ने लिहिण्यासारखे जे बदल निव्वळ वेगळेपणासाठी होतात, ते मला मान्य नाहीत, कारण प्रत्येक खिडकीपाशी उभे राहून एकेक अक्षर सांगण्याचे काम त्या मुलाला जन्मभर करावे लागते. आर्ची, अल्फी, टेडी ही लाडाची नावे थेट दाखल्यावर घालतात, याविषयी मात्र माझी तक्रार नाही. आपल्याकडेही बाळासाहेब आणि आण्णासाहेब शाळेच्या दाखल्यावर आहेतच.

आता करायचे काय? तिथे जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते, म्हणजे अजून महिनाभर हाताशी आहे. नोंदीत एकाहून अधिक नावे घालता येतात. आईबापांनी प्रेमाने निवडलेले पहिले नाव राहू द्यावे आणि दुसरे नाव आपण सुचवावे. मी ‘तारा’ सुचवीन. कोल्हापूरच्या गादीचा पाया घालणाऱ्या ताराराणींचा अश्वारूढ पुतळा कावळा नाक्यावर आपण कितीदा पाहिला असेल. तिकडे आयर्लंडमध्ये तारा नावाची प्राचीन राजटेकडी आहे आणि मुलींचे हे नाव इंग्रजांनाही परके नाही. चार अक्षरांचे त्याचे स्पेलिंग लेस्टरची शिक्षिकाही सहसा चुकणार नाही. बारशाच्या पत्रिकेवर, पाळण्यात आणि पेठेत तारा म्हणावे. आत्या इंग्रज असल्या तरी बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ कसे करायचे ते त्यांना आधी फोनवर शिकवून ठेवावे, आणि पाठीत धपाटे बसणार आहेत याचीही कल्पना द्यावी.