ग्रेट ओशन रोडवर प्रथमच जाताना

ऑस्ट्रेलियातील या समुद्रकाठच्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवायची तर सोलापुरातून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. ऑस्ट्रेलियातही वाहने डावीकडूनच चालतात. त्यामुळे रस्त्याच्या पूर्व टोकाच्या टॉर्की गावाहून पश्चिमेकडे गेल्यास सुमारे २४० किलोमीटरच्या या रस्त्यावर समुद्र आपल्याच बाजूस राहतो आणि थांब्यांवर वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. तंबू मात्र दिसेल त्या किनाऱ्यावर ठोकता येत नाही, म्हणून वाटेवरील ग्रेट ऑटवे राष्ट्रीय उद्यानातील तंबूची जागा आधीच आरक्षित करावी. आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी शेकोटी पेटविणे गुन्हा ठरतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी अवश्य न्यावी (तिथल्या गोडसर पावापेक्षा ती केव्हाही बरी), परंतु विमानतळावरील प्रवासी अर्जात तिची नोंद करावी, अन्यथा मोठा दंड होऊ शकतो. तिथल्या उन्हाळ्यातही रात्रीच्या समुद्रवाऱ्यापुढे आपली सोलापुरी चादर पुरत नाही. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा उजेडातच मुक्काम गाठावा.