वैधता, सप्रमाणता की यथार्थता?

नाशिकरोडहून मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: एका पुस्तकात प्रयोगाची 'वैधता' आहे, दुसऱ्यात 'सप्रमाणता', शिकवणीच्या टिपणांत 'यथार्थता'. हे तीन वेगळे गुण आहेत का? आणि क्षेत्रप्रयोग व नैसर्गिक प्रयोग यांत फरक काय?

नावं तीन, गोष्ट एकच: व्हॅलिडिटी, म्हणजे प्रयोगाचा निष्कर्ष किंवा चाचणीचं मोजमाप कितपत खरं धरता येईल. पेपरात अभ्यासक्रमाच्या पुस्तकातला शब्द घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

माझ्या मताने 'वैधता' सर्वांत कच्चा. वैध म्हणजे नियमाला धरून. परवाना वैध असतो, निवडणुकीतलं मत वैध असतं. प्रयोग सगळे नियम पाळूनही चुकीच्या निष्कर्षाला नेऊ शकतो. 'सप्रमाण सिद्ध करणे' आपल्या तोंडातलं आहे, म्हणून प्रयोगासाठी मी 'सप्रमाणता' घेईन, जरी 'प्रमाण' म्हटलं की कुणाला आधी मिठाचं प्रमाण आठवत असलं तरी. 'यथार्थता' चाचणीला शोभते. बुद्धिमापनाची चाचणी प्रत्यक्षात वाचनाचा वेगच मोजत असेल, तर दर वेळी सारखे गुण देऊनही ती यथार्थ नाही. विश्वसनीय मात्र आहे.

प्रयोगाची सप्रमाणता दोन अंगांनी पाहायची. दिसलेला परिणाम आपण केलेल्या बदलामुळेच झाला का, ही अंतर्गत. तो इतर माणसांना, इतर ठिकाणी लागू पडेल का, ही बाह्य. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५७ साली ही विभागणी मांडली.

क्षेत्रप्रयोगात, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर खऱ्या ठिकाणी केलेल्या प्रयोगात, दोन्हींची ओढाताण दिसते. पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेला प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला. डब्यात संशोधकांच्या गटातला एक विद्यार्थी मुद्दाम कोसळायचा, कधी हातात काठी घेऊन, कधी दारुड्याच्या सोंगात. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले, दारुड्याला ३८ पैकी १९ वेळा. प्रवासी खरे, डबा खरा, त्यामुळे बाह्य बाजू भक्कम. पण अंतर्गत बाजू डळमळते: तेच प्रवासी पुन्हा त्या गाडीत आले नसतील कशावरून? शिवाय ६५ आणि ३८ हा असमतोल पाहा: दारुड्याचं सोंग घेणं काही विद्यार्थ्यांना नकोसं झालं होतं! प्रयोगशाळेत असले प्रकार आवरता येतात. पण तिथे माणूस आपल्याकडे पाहिलं जातंय हे जाणून वागतो.

आता दुसरा प्रश्न. नाशिकच्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) कोसळण्याचं असंच सोंग तुम्ही रचलंत, तर तो क्षेत्रप्रयोग. समजा गंगापूर धरणातला साठा घटला, नाशिकच्या काही भागांत पाणीकपात झाली आणि तिथल्या लोकांच्या वागण्याची तुलना तुम्ही कपात नसलेल्या भागांशी केलीत, तर तो नैसर्गिक प्रयोग. निर्णय महापालिकेचा असला तरी 'नैसर्गिकच', कारण बदल संशोधकाने घडवलेला नाही. इथे कोण कोणत्या गटात जाईल हे तुमच्या हाती नसतं. कपातीचे भाग आधीपासूनच वेगळे असू शकतात, म्हणून अंतर्गत सप्रमाणतेची शंका इथे आधी घ्यायची.