जुनाच डोस, तरी साखर का उतरते?

प्रश्न : वडिलांना २० वर्षांपासून मधुमेह आहे, आता मूत्रपिंडेही कमजोर झाली आहेत. औषध तेच असूनही पहाटे दरदरून घाम फुटून साखर ५५ पर्यंत का उतरते?

उत्तर : निरोगी मूत्रपिंडे शरीरातील इन्सुलिनचा बराच निचरा करतात आणि उपाशीपोटी थोडी साखरही तयार करतात, मूत्रपिंडे थकली की जुनाच डोस अधिक वेळ काम करत राहतो. त्यामुळे मधुमेह ‘सुधारला’ असे कृपया समजू नका. ग्लिबेनक्लामाइड ही साखर कमी करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा, कारण तिचे अंश शरीरात साचतात आणि साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. आकडा ७० च्या खाली दिसताच चहाचे तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. संत्र्याचा रस मात्र नको, त्यात पोटॅशियम असते आणि कमजोर मूत्रपिंडांना ते नीट बाहेर टाकता येत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा.