वाचकांचे प्रश्न : सशाच्या रूपातील जादूगार कसा रंगवावा?

प्रश्न : काल्पनिक विश्वातील टेबलटॉप (टेबलावर मूर्ती मांडून खेळायच्या) खेळासाठी मी २८ मिलिमीटर मापाची, रानसशाच्या रूपातील जादूगाराची मूर्ती रंगवत आहे. ड्रायब्रश केल्यावर (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग लावल्यावर) अंगावरचे केस खडू फासल्यासारखे पांढुरके दिसतात आणि हातातील जादूच्या दंडावरील स्फटिकाचा उजेड झग्यावर दाखवायला गेल्यास तो नुसता निळा डाग वाटतो. हे कसे सुधारावे?

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच आहे, ते म्हणजे पांढऱ्या रंगाचा सढळ वापर. केसांचा उजळपणा दाखवण्यासाठी तपकिरी रंगात थेट पांढरा मिसळला की तो रंग राखाडीकडे झुकतो आणि त्यातली ऊब जाते. त्याऐवजी गडद तपकिरीपासून सुरुवात करून पुढच्या थरांत पिवळट माती रंग आणि शेवटी थोडासा बदामी रंग मिसळत जावे. ड्रायब्रशसाठी मऊ, गोल टोकाचा ब्रश घ्यावा, कागदावर पुसून त्यातील जवळजवळ सगळा रंग काढून टाकावा आणि तो केसांच्या दिशेने न ओढता त्यांना आडवा, अगदी हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे रंग फक्त उंचवट्यांवर बसतो. जे आधीच पांढुरके झाले आहे ते खरवडण्याची मुळीच गरज नाही. त्यावर तपकिरी वॉशचा (खाचांत उतरणाऱ्या खूप पातळ रंगाचा) एक पातळ थर दिला आणि तो पूर्ण वाळू दिला, की सगळे रंग पुन्हा एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात.

चेहऱ्यावर मात्र ड्रायब्रशवर विसंबू नये. खेळताना मूर्ती हातभर अंतरावरून पाहिली जाते आणि त्या अंतरावरून हा ससाच आहे हे पटवून देण्याचे काम कान आणि डोळेच करतात, म्हणून माझ्या मते निम्मा वेळ तिथेच खर्च करावा. कानांची टोके काळसर ठेवावीत, आतल्या बाजूला पातळ केलेल्या गुलाबी-तपकिरी रंगाचे दोन-तीन थर द्यावेत आणि बारीक टोकाच्या ब्रशने गालांवर मोजकेच सुटे केस ओढावेत. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. तेव्हा माणसासारखा पांढरा भाग न दाखवता पिंगट बुबुळ, मोठी काळी बाहुली आणि वरच्या कडेला उजेडाचा एक ठिपका एवढेच पुरते.

आता स्फटिकाच्या उजेडाविषयी. प्रकाशाचा उगम हीच मूर्तीवरील सर्वांत उजळ जागा असली पाहिजे, म्हणून पांढरा रंग स्फटिकाच्या गाभ्यासाठी राखून ठेवावा. अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, त्यामुळे दंड धरलेल्या पंजावर उजेड ठळक, बाहीवर मंद आणि झग्याच्या तळाशी जवळजवळ नाहीसा झालेला दाखवावा. झग्याच्या ज्या चुण्या स्फटिकाकडे वळलेल्या आहेत त्यांच्याच कडांना तो लागतो. चुणीची पलीकडची बाजू अंधारातच राहू द्यावी. निळा रंग पाण्याने खूप पातळ करावा, ब्रश कागदाला टेकवून जास्तीचे पाणी टिपून घ्यावे आणि प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. झगा मुळात फिकट असेल, तर हा उजेड कितीही निगुतीने रंगवला तरी उठून दिसणार नाही. झगा आधी गडद करून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

प्रश्न : याच मूर्तीच्या बेसवर (ती ज्यावर उभी असते त्या चकतीवर) जंगलाचा तुकडा करायचा आहे. खरी वाळू आणि दगड वापरावेत का?

उत्तर : अवश्य वापरावेत, परंतु मापाचे भान ठेवून. २८ मिलिमीटरची मूर्ती साधारण एकास साठ या प्रमाणात असते, म्हणजे १ मिलिमीटरचा वाळूचा कण तिथे ६ सेंटिमीटरचा दगड होतो आणि ५ मिलिमीटरचा खडा चांगला फूटभर उंचीची शिळा होतो. म्हणून जमिनीसाठी बारीक चाळलेली वाळू पांढऱ्या गोंदावर पसरावी आणि झाडाच्या सालीचा एखादाच तुकडा खडक म्हणून बसवावा. २५ मिलिमीटरच्या बेसवर याहून जास्त गर्दी झाली, तर नजर चेहऱ्यावरून ढळते. वाळू नैसर्गिक असली तरी तिला रंग द्यावाच लागतो, कारण रंगवलेल्या मूर्तीशेजारी ती उपरी दिसते. तिच्यासाठी वापरलेला मातकट रंग झग्याच्या खालच्या काठावर आणि पावलांवर अगदी थोडा ड्रायब्रश करावा. मूर्ती जमिनीवर चालून आल्यासारखी वाटते, आणि माझ्या दृष्टीने बेसच्या कामातला सर्वाधिक मोबदला देणारा भाग हाच आहे.

प्रश्न : वॉर्निश केव्हा द्यावे?

उत्तर : रंगकाम पूर्ण वाळल्यावर, पण गवताचे झुबके चिकटवण्याआधी. स्प्रे वापरणार असाल तर दमट हवेत तो मारू नये, कारण थर पांढुरका पडण्याचा धोका असतो. मॅट वॉर्निश वाळले, की डोळ्यांवर आणि नाकाच्या शेंड्यावर चमकदार वॉर्निशचा एकेक थेंब ब्रशने ठेवावा.