तारीख जाहीर करण्याआधी

प्रिय बाबू,

तुझ्या गेमचा डेमो परवा रात्री खेळलो. दिवेलागणीला गुराखी ढोरं वळवतो, बैल धानाच्या बांधीत उतरतो आणि चिखल त्याच्या खुरांभोवती ढवळून येतो, तेवढंच मी चारदा पाहिलं. हात छान बसलाय तुझा. मग ट्रेलर पाहिला. त्यात वाघ आहे, डेमोत वाघ नाही. आणि तू लिहितोस, गेम दिवाळीला आणणार, येत्या आठवड्यात तशी तारीख जाहीर करतो.

थांब जरा.

तुझ्या वयाचा असताना मी आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीच्या प्रचारगाडीवर होतो. जीपवर भोंगा बांधून आरमोरीच्या आसपासची गावं फिरायचो, 'भव्य सीनसिनेरी' म्हणून घसा कोरडा करायचो. एका मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सीनसिनेरीचा ट्रकच वाटेत बंद पडला. मालक माइकवरून दर वेळी 'अर्ध्या तासात' म्हणत राहिले. लेकरं मांडीवर घेऊन, चादरी पांघरून माणसं थंडीत बसलेली. पडदा उघडला रात्री एक वाजता. नाटक रंगलं, तरी पुढच्या वर्षी त्याच गावात मागच्या सतरंज्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या एका कंपनीचा नट आजारी पडला, तेव्हा त्यांनी दुपारीच जीप फिरवून सांगितलं की खेळ उद्या, तिकीट हेच चालेल. दुसऱ्या रात्री मंडप भरला. उशीर लोक पोटात घालतात, थापा नाही घालत.

सायबरपंक २०७७ या मोठ्या गेमची गोष्ट तू ऐकलीच असशील, पण नीट बघ. २०१२ मध्ये घोषणा झाली. १६ एप्रिल २०२० ही तारीख ठरली, ती तीनदा पुढे गेली, शेवटच्या वेळी तर गेम तयार असल्याचं सांगून झाल्यावर. तरीही उत्सुकता आटली नाही. १० डिसेंबरला गेम आला तोवर ८० लाख लोकांनी आगाऊ खरेदी केली होती. म्हणजे विक्री तारखा हुकल्यामुळे अडली नाही. घात झाला तो जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यांवर. तिथं गेम धड चालत नव्हता, आणि समीक्षकांना आधी फक्त पीसीवरची आवृत्ती दिली होती. आठवडाभरात सोनीनं आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून गेम काढला, तो परतला जून २०२१ मध्ये. गाजावाजा म्हणजे लोकांकडून घेतलेली उचल, बाबू. ती फेडायला तो गेम बनवणाऱ्या कंपनीजवळ पैसा होता, २०२३ पर्यंत दुरुस्ती करत राहण्याइतका. तुझ्याजवळ एक लॅपटॉप आहे आणि रात्री जाणारी लाइट.

तू म्हणशील, सिल्कसाँग या गेमनं नाही का सहा वर्षं वाट पाहायला लावली? २०१९ ला घोषणा, ४ सप्टेंबर २०२५ ला गेम, आणि नेमकी तारीख सांगितली फक्त दोन आठवडे आधी. त्या दिवशी गर्दीनं स्टीम, म्हणजे पीसीवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, अडखळलं. पण त्या चिमुकल्या टीमच्या मागे होलो नाइट हा त्यांचा आधीचा गेम उभा होता, लाखो लोकांनी आधीच खेळलेला. ओळखीच्या माणसाची वाट लोक पाहतात. तुला अजून कोणी ओळखत नाही, तू गप्प बसलास तर विसरून जातील. आणखी एक, सिल्कसाँगची तारीख येताच कित्येक छोट्या गेमवाल्यांनी आपापल्या तारखा सरकवल्या. तारीख ठरवताना शेजारी कोण उभं आहे तेही बघावं लागतं.

म्हणून स्टीमवरचं पान आत्ताच उघड, तारखेच्या जागी 'लवकरच' लिही. विशलिस्ट जमू दे, म्हणजे गेम हवा म्हणून लोक खूण करून ठेवतील, आणि गेम आला की त्या प्रत्येकाला स्टीमच मेल पाठवतं. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या जत्रेत, एका गेमला एकदाच जाता येतं, तेव्हा ती संधी कच्च्या डेमोवर घालवू नकोस. आणि पहिल्या अर्ध्या तासावर सगळ्यात जास्त मेहनत घे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. तुझा गेम पंधराव्या मिनिटाला दोनदा बंद पडला. मी तुझा माणूस म्हणून पुन्हा सुरू केला, बाकीचे कशाला करतील?

तारीख सांगायचीच झाली तर वाघ चालायला लागल्यावर सांग. तरी हुकणार असं दिसलं, तर दिसलं त्याच दिवशी सांग, कारणासकट.

रविवारी वडशाला ये. ट्रेलर सोबत बसून पाहू आणि गेममध्ये नाही ते एकेक दृश्य काढून टाकू. चिखलाचं मात्र ठेव, शक्यतो अगदी सुरुवातीला.

तुझा,
काका